ओहोटीला पाहिलेलं घर

होल्डरनेसच्या किनाऱ्यावर, विदर्नसीच्या थोडं वर,
डांबरी रस्ता बोलता बोलता गप्प झालेल्या माणसासारखा
एका कुंपणापाशी थांबतो.
पलीकडे नुसती हवा.
अलीकडचं तिसरं घर विकायचंय.

किंमत वाचून वाटलं, एक शून्य छापायचं राहिलं.
लीड्समध्ये एवढ्यात गाडी लावायला जागा येत नाही.
कर्ज मात्र मिळणार नाही, एजंट डॅरन म्हणाला,
बँका इकडे फिरकत नाहीत, सगळं रोख.
हे त्यानं पायपुसण्यावर बूट घासता घासता सांगितलं.

मी पाकिटाच्या पाठीवर प्रश्न लिहून नेलेले:
छप्पर कधीचं, विमा कोण देतं,
सांडपाण्याची टाकी घराच्या कुठल्या अंगाला,
खाऱ्या वाऱ्यानं बिजागऱ्या किती खाल्ल्या,
आणि वर्षाला जमीन किती जाते.
‘सरासरी पावणेदोन मीटर.’
सरासरी हा फार सभ्य शब्द आहे.
मिसेस थॉर्प चहा ओतत म्हणाल्या,
तीन वर्षं ढेकूळसुद्धा हललं नाही,
मग फेब्रुवारीत एका रात्रीत शेजाऱ्यांची शेड,
रुबार्बचा वाफा
आणि कपडे वाळत घालायचा पलीकडचा खांब.
सकाळी दोरी अलीकडच्या खांबाला लोंबत होती,
तिच्यावर एक चिमटा, तसाच.

कुंदानं काहीच विचारलं नाही.
ती वेंगुर्ल्याची. मी बार्शीचा,
मला समुद्र म्हणजे सुट्टी.
तिनं सिंकखालचं कपाट उघडून वास घेतला,
खिडकीखालच्या भिंतीवर अंगठा दाबला
आणि डॅरनचं लक्ष नाहीसं बघून
अंगठा जिभेला लावला.
मग मागचं दार उघडून
खाली मान घालून, ओठ हलवत,
कड्याच्या दिशेनं चालत गेली.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या.
डावीकडे मुलं. नील, जोआन, परत नील,
दरसाल दोन बोटं वर.
उजवीकडे नुसते आकडे:
मिस्टर थॉर्प गुड फ्रायडेला टेप घेऊन
मागच्या पायरीपासून कड्यापर्यंत मोजायचे.
एकशे बारा. एकशे नऊ. एकशे नऊ. अठ्ठ्याण्णव.
सगळ्यात खाली, वेगळ्या हातानं, कापरं,
एकेचाळीस.
मी त्यावर बोट ठेवलं, तशा म्हातारबाई म्हणाल्या,
‘ही चौकट विक्रीत नाही हं.’

गाडीत मी भागाकार केला.
एकेचाळीस भागिले पावणेदोन,
तेवीस वर्षं आणि वर काही महिने.
मी तेव्हा पंच्याऐंशीचा. पुरे की!
पोरगा कॅल्गरीहून थोडाच इथे राहायला येणार.
हो, पुन्हा विकता येणार नाही,
पाडायची वेळ आली तर तो खर्चही आपल्याच डोक्यावर,
पण तोवर रोज सकाळी एवढं आभाळ, कुंदा,
आणि तेही गॅरेजच्या भावात.

ती मोज्यातली तांबडी माती खिडकीबाहेर झटकत होती.
‘माझी एकोणपन्नास पावलं झाली.’
मग?
‘माझं पाऊल केवढं? दोन फूट धर.
तो एकेचाळीस कधी लिहिलाय, विचारलंस?’
मी पाकीट उलटून पाहिलं.
हा प्रश्न त्यावर नव्हता.

बीव्हर्लीपर्यंत कुणी बोललं नाही.
मग म्हणाली,
‘आणि आपण गेलो ओहोटीला.
ओहोटीला कुठलंही घर चांगलंच दिसतं.’
तिनं माझा फोन उचलला, तारीख शोधली,
पौर्णिमेच्या पाठचं उधाण,
संध्याकाळी साडेसहाची भरती,
आणि डॅरनला लावला.
त्या वेळी तासभर किल्ली मिळेल का?

नोव्हेंबरात साडेसहाला मिट्ट काळोख असतो,
तो म्हणाला, अंधारात घर कुणी बघत नाही.

‘बघायचं नाहीये,’ कुंदा म्हणाली,
‘ऐकायचंय.’